वेदनेलाही जात चिकटते : रुग्णवाहिकेतल्या सुईचा इतिहास



वस्तीत कोणी भाजलं, कोणी पडलं, कोणाला फिट आली की आपण १०८ ला फोन लावतो. नंतर चार दिवस चर्चा चालते ती गाडी किती उशिरा आली याची. ती चर्चा रास्तच आहे. पण गाडी आली तेव्हा तिच्यात काय होतं, आणि जे होतं ते रुग्णाला दिलं का, हा प्रश्न आपण विचारत नाही. गाडी म्हणजे चाकं आणि भोंगा नव्हे. गाडी म्हणजे तिच्यातली औषधाची पेटी आणि ती उघडायचा अधिकार असलेला माणूस.

या लेखात आम्ही दोनच प्रकारच्या औषधांचा इतिहास मांडणार आहोत. एक, वेदना थांबवणारी औषधं आणि दुसरी, फिट थांबवणारी औषधं. हा विषय डॉक्टरांचा आहे, आपला नाही, असं कोणाला वाटेल. आमचं म्हणणं उलट आहे. हाड मोडलं तर एक्स-रेत दिसतं, ताप थर्मामीटरवर दिसतो. वेदना मात्र कुठल्याच यंत्रात दिसत नाही. ती सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. आणि या देशात कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हे हजारो वर्षं जातीने ठरवलं आहे. फिटचं तर याहून वाईट. ती सगळ्यांना दिसते, पण तिचं कारण धर्माने आधीच ठरवून ठेवलेलं असतं : बाहेरची बाधा, देवीचा कोप, मागच्या जन्माचं पाप. वेदनेला 'भोग' म्हणायचं आणि फिटला 'बाधा' म्हणायचं, म्हणजे औषधाचा प्रश्नच उरत नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्माच्या कर्माचा सिद्धांत का नाकारला, ते इथे कळतं. गरिबाचे हाल त्याच्याच पूर्वजन्माचं फळ ठरवले, की राज्य आणि समाज दोघेही जबाबदारीतून मोकळे होतात, हा त्यांचा मुद्दा होता. विनयपिटकात एका आजारी भिक्खूची गोष्ट आहे. हगवणीने तो स्वतःच्याच घाणीत पडला होता आणि सोबतचे भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धाने त्याला कर्म शिकवलं नाही. आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचललं, बिछान्यावर ठेवलं. दुःख आहे हे मान्य करायचं, त्याचं कारण शोधायचं आणि ते दूर करायचं. रुग्णवाहिकेचं तत्त्वज्ञान याहून वेगळं काय आहे?

आता वेदनेच्या औषधाकडे येऊ. जगातलं सर्वांत जुनं आणि आजही सर्वांत भरवशाचं औषध अफूतून येतं. १८०५ च्या सुमारास जर्मनीत फ्रिडरिश सेर्ट्युर्नर याने अफूतून मॉर्फिन वेगळं केलं. तो डॉक्टर नव्हता, औषधाच्या दुकानात काम शिकणारा तरुण सहायक होता, म्हणजे आपल्या भाषेत कंपाउंडर. १८५० नंतर टोचायची पोकळ सुई आली आणि मॉर्फिन काही मिनिटांत काम करू लागलं. रणांगणावर, अपघातात, भाजलेल्या माणसाला घरून दवाखान्यापर्यंत नेताना त्याचा उपयोग होऊ लागला.

त्याच काळात अफू आपल्याकडे काय करत होती? माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती आणि त्या व्यापारावर मुंबईतली मोठमोठी घराणी उभी राहत होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांची संपत्तीही चीनच्या अफू आणि कापसाच्या व्यापारातली. त्यांच्याच देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे मुंबईतल्या या पहिल्या मोठ्या रुग्णालयांपैकी एकाच्या पायात अफूचा पैसा आहे. आजही भारत औषधासाठी कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने खसखशीची शेती होते, गाझीपूर आणि नीमच इथे सरकारी कारखाने आहेत. आणि तरीही २०१७ मध्ये लॅन्सेट आयोगाने जगातल्या वेदनेचा हिशेब मांडला तेव्हा भारतात अशा औषधांच्या गरजेपैकी जेमतेम ४ टक्के गरज भागते असं दिसलं. पीक आपलं, कारखाना आपला आणि तडफडणारा माणूसही आपलाच.

हे असं का झालं? १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा आला, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. नशेचा व्यापार रोखणं हा हेतू होता. पण त्यात शिक्षा किमान दहा वर्षांची आणि परवाने अनेक. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, एकाच औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे कागद. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. १९८५ ते १९९७ या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांनी घसरला. डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिन हातात न धरता पदवी घेऊन बाहेर पडली. केरळमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं लढा दिला. शेवटी २०१४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि राज्याने एकदा मान्यता दिलेल्या संस्थेला ती ठेवता येतील अशी तरतूद झाली.

या कायद्याचा फटका सगळ्यांनाच बसला, मग यात जात कुठे आली, असं कोणी म्हणेल. बसला सगळ्यांना, पण सारखा नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो मुंबई-पुण्यात मान्यता असलेल्या रुग्णालयात पोचतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत सळई तयार करणारे स्टीलचे कारखाने आहेत. तिथल्या भट्टीपुढे कंत्राटी मजूर उभे असतात, त्यांत परप्रांतीय आहेत, आपल्या वस्तीतली पोरंही आहेत. वितळलेलं लोखंड अंगावर उडालं तर त्या माणसाला अनेकदा साठेक किलोमीटरवरच्या घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयात न्यावं लागतं. भाजलेल्या माणसासाठी तो तासाभराचा प्रवास काय असतो, हे ज्याने ऐकलं आहे तो विसरत नाही. त्या तासात शिरेतून मॉर्फिन किंवा फेंटानिल मिळणं ही चैन नाही, तो उपचाराचा पहिला भाग आहे. इंग्लंडमध्ये हे काम पॅरामेडिक स्वतःच्या अधिकारात करतो. ऑस्ट्रेलियात रुग्णाच्या हातात मेथॉक्सिफ्लुरेनची हिरवी नळी देतात, ती ओढत ओढत तो दवाखान्यात पोचतो.

दुसरं उदाहरण आपल्या ऊसतोड बायांचं. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर हंगामात कोयते बाहेर पडतात. पाठ, कंबर, ओटीपोट दुखतं म्हणून बाई गोळी खाऊन फडात उतरते, कारण खाडा केला तर मुकादम पैसे कापतो. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातलं गर्भाशय काढण्याचं प्रकरण राज्यभर गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात तेरा हजारांहून अधिक ऊसतोड बायांची पिशवी काढलेली निघाली. तिच्या वेदनेचं कारण कोणी शोधलं नाही, अवयवच काढून टाकला. वेदनेकडे दुर्लक्ष करणं आणि वेदनेचा धंदा करणं या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

औषध पेटीत असणं पुरेसं नसतं, ते देणारा हात पुढे यावा लागतो. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र दिलं आहे. ते १२ डिसेंबर १९२९ च्या 'यंग इंडिया' मध्ये छापून आलं होतं. त्याची बाळंत बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, तिला वस्तीबाहेर आणा म्हणाला. त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिलं, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या, आणि त्याच वाटेने ते परत आलं. डॉक्टरने तिला हात न लावता न्यूमोनिया सांगितला, पुन्हा बोलावलं तेव्हा आला नाही. ती बाई गेली. डॉक्टर होता, फी दिली होती, थर्मामीटर होतं. फक्त स्पर्श नव्हता.

त्याआधी बत्तीस वर्षं, १८९७ च्या प्लेगमध्ये, सावित्रीमाई मुंढव्याच्या महार वस्तीत गेल्या. पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी पाठीवर घेतलं आणि डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोचवलं. मुलगा वाचला. संसर्ग झालेल्या सावित्रीमाई १० मार्च १८९७ रोजी गेल्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा इतिहास लिहायचा असेल तर सुरुवात या पाठीपासून करावी लागेल, कुठल्या कंपनीच्या गाडीपासून नाही.

आता फिटकडे वळू. गावाकडे मिरगी, फेफरं, आकडी अशी तिची नावं आहेत. फिट आलेल्याच्या नाकाला चप्पल लावणं, कांदा हुंगवणं, दातांत चमचा कोंबणं, मग भगताकडे नेणं, हे आजही चालतं. शहीद डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला, पण चप्पल अजून नाकाला लागतेच. कायद्यानेही या आजाराला कलंक लावला होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार ही लग्नाला आडवी येणारी बाब होती. तो शब्द काढायला १९९९ साल उजाडलं. तोवर किती मुलींना या कारणाने माहेरी आणून सोडलं असेल, त्याची मोजदाद कुठे नाही.

आपल्या देशात फिट येण्याचं एक मोठं कारण म्हणजे मेंदूत जाऊन बसलेल्या टेपवर्मच्या अळ्या. हा जंत डुकरातून माणसात येतो म्हणून बोट लगेच डुक्कर पाळणाऱ्या आणि खाणाऱ्या जातींकडे जातं. पण विज्ञान वेगळं सांगतं. डुकराचं कच्चं मांस खाल्ल्याने पोटात जंत होतो. मेंदूत गाठ होते ती माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेल्याने. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. दोष आहाराचा नाही, गटाराचा आहे. आणि गटार कोणाच्या वस्तीतून उघडं वाहतं हे आम्ही सांगायची गरज नाही.

फिटच्या औषधांचा इतिहास जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा. १८५७ मध्ये ब्रोमाइड, १९१२ मध्ये फिनोबार्बिटल, १९३८ मध्ये फेनिटॉइन. चालू असलेली फिट झटपट थांबवणारं औषध मिळालं ते १९६३ मध्ये, डायझेपाम. ते बनवणारा लिओ स्टर्नबाख ज्यू कुटुंबातला. हिटलरच्या सावटामुळे १९४१ मध्ये त्याला युरोप सोडून अमेरिकेला जावं लागलं. ज्याला वंशावरून संपवायला निघाले होते, त्याच्या प्रयोगशाळेतून जगाचे झटके थांबवणारं औषध निघालं.

हे औषध दवाखान्यात पोचल्यावर द्यायचं की वाटेतच? वाद बरीच वर्षं चालला. श्वास मंदावेल, अशी भीती होती. सॅन फ्रान्सिस्कोत पॅरामेडिकांनी २०५ रुग्णांवर हे तपासलं आणि निकाल २००१ मध्ये आला. दवाखान्यात पोचेपर्यंत लोराझेपाम मिळालेल्या ५९ टक्के रुग्णांची फिट थांबली होती, डायझेपाम मिळालेल्या ४३ टक्क्यांची, आणि औषधाविना फक्त २१ टक्क्यांची. श्वासाचा त्रासही औषध न मिळालेल्यांनाच जास्त झाला. म्हणजे वाट बघणं हेच धोक्याचं. २०१२ मध्ये पुढची चाचणी आली. त्यात मांडीच्या स्नायूत टोचलेल्या मिडाझोलामने ७३ टक्के रुग्ण थांबले, शिरेतल्या लोराझेपामने ६३ टक्के. अंग झटके देत असताना शीर शोधत बसावं लागत नाही, हे त्यामागचं साधं कारण. शिवाय लोराझेपाम फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, मिडाझोलामला तशी गरज नाही. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात उभ्या असलेल्या गाडीसाठी यातलं कोणतं औषध हवं, हे सांगायला परदेशी तज्ज्ञ लागत नाही.

एक झटका फक्त बाईच्या वाट्याला येतो, गरोदरपणात रक्तदाब वाढून येणारा. त्याचं औषध मॅग्नेशियम सल्फेट, अत्यंत स्वस्त. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं, की डायझेपामपेक्षा याने पुन्हा झटका येण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. त्यानंतर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी उपकेंद्रातल्या एएनएम सिस्टरलाही पहिला डोस देऊन मग पुढे पाठवायची परवानगी दिली. सुई डॉक्टरच्या हातातून खाली उतरून नर्सबाईच्या हातात आली तेव्हाच ती भोकरदनच्या वाडीपर्यंत पोचण्याची शक्यता तयार झाली.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. सुई कोणाच्या हातात, हा ज्ञानाच्या मक्तेदारीचा प्रश्न आहे. 'पॅरामेडिक' हा पेशा अमेरिकेत कोणी घडवला? पिट्सबर्गच्या हिल डिस्ट्रिक्ट या काळ्या वस्तीत १९६७ मध्ये 'फ्रीडम हाउस' ही रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. तोवर रुग्णाला पोलिसांच्या गाडीत टाकून नेत. डॉ. पीटर साफार यांनी वस्तीतल्या बेरोजगार काळ्या तरुणांना शिकवलं. त्यांतल्या काहींची शाळाही पूर्ण झाली नव्हती. ज्यांना समाज नोकरीला नालायक म्हणत होता ती पोरं रस्त्यावर सलाईन लावू लागली, औषधं देऊ लागली, माणसं वाचवू लागली. पुढे डॉ. नॅन्सी कॅरोलाइन यांनी त्यांच्यासोबत केलेल्या कामातून देशभरच्या पॅरामेडिकांचा अभ्यासक्रम तयार झाला. आणि १९७५ मध्ये शहराने ही सेवा बंद करून स्वतःची, बहुतांश गोऱ्यांची सेवा सुरू केली. फ्रीडम हाउसच्या बहुतेकांना बाहेरचा रस्ता दाखवला. विद्या घेतली आणि माणसं टाकून दिली. एकलव्याचा अंगठा फक्त महाभारतात कापला जात नाही.

वेदनेवर विश्वास न ठेवण्याचंही तिथे मोजमाप झालं आहे. १९९३ मध्ये लॉस एंजेलिसच्या अभ्यासात हाड मोडलेल्या हिस्पॅनिक रुग्णांना वेदनेचं औषधच न मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट दिसलं. २०१६ मध्ये व्हर्जिनियात निम्म्याच्या आसपास गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या आणि शिकाऊ डॉक्टरांच्या मनात काळ्यांच्या शरीराबद्दल काही ना काही खोटी समजूत आढळली, जसं की त्यांची कातडी जाड असते. आपल्याकडे वस्त्यांमध्ये काम करताना आम्ही याचंच मराठी रूप ऐकतो : 'यांना सवय असते.' सवय वेदनेची नसते. न ओरडण्याची असते. ओरडून काही मिळत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या शिकलेला माणूस गप्प राहतो आणि त्याचं गप्प राहणं त्याच्याविरुद्ध पुरावा ठरतं.

महाराष्ट्रात १०८ सेवा २०१४ च्या जानेवारीत सुरू झाली. ९३७ गाड्या, त्यांपैकी २३३ प्रगत सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या. आपल्या राज्यात गाडीवर डॉक्टर असतो, ही जमेची बाजू. मग औषधाचा प्रश्न सुटला का? नाही. डॉक्टर असून पेटीत औषध नसेल तर काठेवाडातल्या थर्मामीटरची गोष्ट नव्या रूपात घडेल.

'ही औषधं गाडीत ठेवली तर नशा वाढेल' असाही आक्षेप येईल. नशेचा धोका खरा आहे, अमेरिकेने तो भोगला आहे, आणि आपल्याकडेही ट्रॅमाडॉलला २०१८ मध्ये एनडीपीएसखाली आणावं लागलं. म्हणूनच नोंदवही हवी, कुलूप हवं, ऑक्सिजन आणि प्रशिक्षण हवं. पण भाजलेल्या मजुराला एक इंजेक्शन दिल्याने तो व्यसनी होत नाही. कुलपाची किल्ली हरवेल म्हणून घरच बांधायचं नाही, हा न्याय फक्त गरिबालाच का?

मित्रहो, आता काम. आठही तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात पाच प्रश्न विचारावेत. आपल्या तालुक्यात १०८ च्या कोणत्या प्रकारच्या किती गाड्या आहेत? त्यांच्या औषध यादीत मिडाझोलाम आणि मॅग्नेशियम सल्फेट आहे का, आणि गेल्या वर्षभरात किती वापरलं? तीव्र वेदनेसाठी कोणतं औषध आहे? जिल्ह्यातल्या कोणत्या सरकारी दवाखान्यांना अत्यावश्यक अमली औषधांची मान्यता आहे? गाडीवरच्या डॉक्टरांचं फिट आणि भाजण्याबद्दलचं प्रशिक्षण शेवटचं कधी झालं? जालन्यात २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथल्या आपल्या विद्यार्थ्यांना या कामात घ्या.

विहारात वंदनेनंतर दहा मिनिटं काढा. फिट आली की माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, दाबून धरू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ लावा आणि गाडी आल्यावर वेळ सांगा. चप्पल पायातच राहू द्या. आणि जी पोरं बारावीनंतर काय करायचं विचारतात त्यांना सांगा, की २०२१ च्या कायद्याने आपत्कालीन तंत्रज्ञ हा मान्यताप्राप्त पेशा झाला आहे. आपल्या बापजाद्यांना गावाने मेलेली ढोरं ओढायला लावलं. त्यांच्या नातवंडांनी जिवंत माणसं उचलावीत, आणि सुईही त्यांच्याच हातात असावी.

जय भीम! नमो बुद्धाय!